निर्धूर चूल : बांधणी व निगा

‘घरोघरीं मातीच्या चुली’ ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत, आणि सगळीकडे प्रकार सारखाच, एवढा अर्थ घेऊन आपण पुढें जातों. आज मी त्या म्हणींतल्या चुलीविषयींच बोलणार आहें. स्वयंपाकघरांत किंवा परसांत मातीची चूल बसवावयाची असेल तर ती कशी बसवावी, तिचा धूर घराबाहेर कसा न्यावा, आणि एकदां बसविलेली चूल वर्षानुवर्षें नीट चालेल अशी कशी राखावी, हा माझ्या भाषणाचा विषय आहे. यांतला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक घरीं नेमका तोच विसरला जातो.

‘आमच्या घरीं गॅस आहे, आम्हांला चुलीचें काय?’ असें आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत आलें असेल. परंतु बुलढाणा, खामगांव, मलकापूर किंवा चिखली येथील सुखवस्तु घरांच्या मागच्या दारीं जाऊन पाहावें. आंघोळीच्या पाण्याची चूल अजूनहि पुष्कळ ठिकाणीं दिसेल. शेतावरच्या घरांत, आजोळीं, आणि आपल्याकडे धुणींभांडीं करावयास येणाऱ्या बाईच्या घरीं ती दिसण्याचा संभव तर याहून अधिक. सन २०१६ च्या मे महिन्यांत सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळें खेड्यापाड्यांतून गॅसचीं सिलिंडरें पोंचलीं, ही गोष्ट खरी. तरीहि २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १०० कुटुंबांपैकीं सुमारे ५९ कुटुंबेंच स्वयंपाकासाठीं स्वच्छ इंधन वापरीत असल्याचें आढळलें. शिवाय चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वांटणी अनेक घरांतून चालते ती निराळीच. तेव्हां चुलीचा विषय आपल्या दारापासून फारसा दूर नाहीं.

माझ्या मनांत हा विषय शिरला तो माझ्या आत्यामुळें. चिखली तालुक्यांतील एका खेडेगांवीं ती राहत असे. लग्न होऊन ती त्या घरांत आली, आणि पुढें चाळीस वर्षें एकाच चुलीपुढें बसून तिनें दोन वेळचा स्वयंपाक केला. विडीचा झुरका तिनें जन्मांत घेतला नव्हता. तरीहि पन्नाशी उलटल्यावर चार पायऱ्या चढतांना तिला धाप लागूं लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनीं छाती तपासली, श्वासाचें माप घेतलें आणि विचारलें, “बाई, चुलीवर किती वर्षें स्वयंपाक केलात ?” फुप्फुसांतील नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा हा विकार असून तो बरा होत नाहीं, फार तर त्याची वाढ रोखतां येते, असें त्यांनीं आम्हांस समजावून सांगितलें.

श्रोतेहो, विशेष असें कीं त्या घरांत धुराड्याची चूल होती. एका कारागिरानें ती बरींच वर्षें आधीं बसवून दिली होती. पहिल्या वर्षीं घरांत धूर म्हणून राहिला नाहीं. दुसऱ्या पावसाळ्यांत तो पुनः कोंडूं लागला. ‘ही नवी चूलच वाईट’ असा सर्वांनीं निर्णय केला, आणि धुराड्याचें खालचें तोंड चिंध्या व चिखल घालून बुजविण्यांत आलें. आत्याच्या आजारानंतर मी धाब्यावर चढून पाहिलें. नळाच्या वरच्या तोंडांत पांखराचें घरटें होतें आणि त्याखालीं बोटभर जाडीची काजळी. तें सर्व काढावयास अर्धा तासहि लागला नाहीं. धुराडें झाडावें लागतें, हें कारागिरानें तिला सांगितलें नव्हतें. आणि दर दिवाळीला त्या घरीं जाऊन चुलीवरची भाकरी आवडीनें खाणाऱ्या आम्हां शिकलेल्या माणसांनीं तिला कधीं विचारलें नव्हतें. म्हणून आज हें बोलणें.

प्रथम धूर म्हणजे काय तें पाहूं. लांकूड पूर्णपणें जळलें तर त्यापासून मुख्यतः कर्बवायु आणि पाण्याची वाफ निर्माण होते, व हीं दोन्हीं डोळ्यांना दिसत नाहींत. डोळ्यांना दिसतो तो धूर म्हणजे न जळतांच निसटलेलें इंधन होय. सरपण विकत घेणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें कीं, काळा धूर निघतो तेव्हां पैसाहि त्याच्याबरोबर जात असतो. या धुरांतील सूक्ष्म कण इतके लहान असतात कीं, माणसाच्या केंसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनहि ते बारीक भरतात. नाकांतील केंस किंवा घशांतील ओलावा त्यांना अडवूं शकत नाहीं. ते थेट फुप्फुसांच्या तळाशीं जाऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणें हवेच्या एका घनमीटरांत अशा कणांचें प्रमाण दिवसभराच्या सरासरीनें १५ मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. उघड्या चुलीच्या कोंदट स्वयंपाकघरांत तें शेंकड्यांनीं मोजावें लागतें, आणि ऐन स्वयंपाकाच्या वेळीं हजाराच्याहि पुढें जातें. घरांतील धुरामुळें २०२० या एका वर्षांत जगभर सुमारे ३२ लाख माणसें अकालीं मरण पावलीं, असा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पांच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालकें होतीं. कारण आईच्या मांडीवरील मूलहि तीच हवा घेत असतें.

धुरावरील उपाय शोधण्याचे प्रयत्न आपल्याकडे फार दिवसांपासून चालू आहेत. आपल्या जुन्या चुलीला वैल असतो, म्हणजे मुख्य भोंकाच्या मागें किंवा बाजूस आणखी एक भोंक ठेवलेलें असतें. पुढें भाकरी आणि मागें वैलावर वरण किंवा पाणी. एका आंचेचीं दोन कामें करून घेण्याची युक्ति आपल्या आज्यापणज्यांना पूर्ण अवगत होती. उणीव होती ती धुराला वाट देण्याची. ती उणीव भरून काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्या विदर्भांतच झाला. वर्ध्याच्या मगनवाडींत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें कार्य १९३४ पासून श्री. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं चालू झालें, आणि तेथें १९४७ च्या सुमारास धुराडें जोडलेली ‘मगन चूल’ प्रचारांत आली. पुढील दशकांत हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेंतील डॉ. एस. पी. राजू यांनीं निर्धूर चुलीचा आणखी एक प्रकार सिद्ध केला. केंद्र सरकारनें १९८३ सालीं राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हातीं घेतला. २००२ सालीं तो बंद होईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली वांटल्या गेल्या. महाराष्ट्रांत डॉ. आनंद कर्वे यांनीं १९९६ सालीं स्थापिलेल्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनें साच्यावर घडविलेल्या ‘लक्ष्मी’ चुलीचा प्रसार केला.

मग इतक्या चुली गेल्या कोठें ? याचें उत्तर ओडिशांतील एका दीर्घ पाहणींत मिळतें. पुढें २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनीं ४४ गांवांतील सुमारे २,६०० कुटुंबांचें चार वर्षेंपर्यंत निरीक्षण केलें. या गांवांत धुराड्याच्या मातीच्या चुली बसविण्यांत आल्या होत्या. पहिल्या वर्षीं स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासांतील धूर कमी झाला. त्यानंतर मात्र नव्या चुलीचीं घरें आणि जुन्या चुलीचीं घरें यांत फरक राहिला नाहीं. चुलींची दुरुस्ती होत नव्हती आणि त्यांचा वापरहि घटत गेला होता. माझ्या आत्याच्या घरीं जें घडलें तेंच तेथें घडलें. तात्पर्य, निर्धूर चूल ही एकदां बसवून मोकळें होण्याची वस्तु नाहीं. विहिरीचा गाळ जसा वेळोवेळीं उपसावा लागतो, तसें धुराडेंहि वेळोवेळीं झाडावें लागतें.

धुराडें धूर ओढतें तें कसें, हें समजलें म्हणजे पुढील सर्व सूचना आपोआप पटतील. तापलेली हवा थंड हवेपेक्षां हलकी असते. बाहेरील हवा २७ अंश आणि धुराड्यांतील धूर १५० अंश उष्ण असेल तर त्या धुराचें वजन तेवढ्याच बाहेरील हवेच्या सुमारे सातदशांश भरतें. हा हलका धूर वर चढतो आणि त्याच्या जागीं चुलीच्या तोंडांतून नवी हवा आंत येते. यालाच आपण ओढ म्हणूं. ही ओढ अत्यंत नाजूक असते. हिशेब केला तर दहा फूट उंचीच्या धुराड्याची ओढ पाण्याच्या अवघ्या एका मिलिमीटर उंचीच्या दाबाएवढी येते. एवढ्याशा बळावर सर्व काम चालावयाचें असतें. म्हणून भांडें तिरपें बसलें, मातीला तडा गेला किंवा काजळीनें नळ अरुंद झाला, तरी तेवढ्यानेंच ओढ मोडते आणि धूर उलट स्वयंपाकघरांत येतो.

आतां बांधणीकडे वळूं. चुलीची जागा शक्य तों बाहेरच्या भिंतीला लागून निवडावी, म्हणजे धुराडें सरळ वर नेतां येतें. चुलीच्या समोर दार असूं नये. दारांतून येणारा झोत आंच विस्कटून टाकतो. परंतु खोली अगदीं बंदहि असूं नये, कारण धुराड्यांतून जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कोठून तरी आंत आलीच पाहिजे. याच कारणासाठीं चूल पेटलेली असतांना त्या खोलींतील विजेचा बाहेर हवा फेकणारा पंखा लावूं नये. तो धुराड्यापेक्षां पुष्कळ बलवान् असल्यामुळें धुराड्यांतला धूर खालीं ओढून घेतो. शहरांतील नव्या घरांतून हा दोष हमखास आढळतो, आणि त्याचा ठपका मात्र चुलीवर येतो.

माती कोणती घ्यावी, हा आपल्या जिल्ह्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत खोल काळी जमीन आहे. ही माती कापसाला उत्तम, पण चुलीला वाईट. ओली असतांना ती फुगते व वाळतांना आकसते, त्यामुळें आठ दिवसांत चुलीला भेगा पडतात. खेड्यांत शेतजमिनीला काळी व गांवठाणाला पांढरी म्हणण्याचा प्रघात आहे. चुलीसाठीं माती घ्यावयाची ती काळीची नव्हे, पांढरीची. ती चाळून तींत थोडी बारीक रेती, शेण आणि गव्हाचा भुसा मिसळावा व गारा तीन-चार दिवस भिजत ठेवून रोज तुडवावा. भुशामुळें भेगांना आळा बसतो. मातीची परीक्षा अगोदर करावी : भाकरीएवढी एक थापी सावलींत वाळवावी, तिला तडे गेले तर रेती व भुसा वाढवावा, आणि ती हातांत चुरली तर माती वाढवावी.

चुलीचा आकार ठरवितांना आपल्या घरचीं रोजचीं भांडीं समोर ठेवावीं आणि भोंकें त्यांच्या बुडाच्या मापानेंच घ्यावीं. जुन्या चुलीवर भांडें टेकण्यासाठीं तीन उंचवटे असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून जाळ व धूर बाहेर येतो. धुराड्याच्या चुलीला असे उंचवटे मुळींच नसावेत. भांडें भोंकाच्या कांठावर सर्व बाजूंनीं टेकलें पाहिजे. जाळाच्या जागीं खालीं लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे हवा खालून मिळते आणि राख आपोआप खालीं पडते. जाळी आणि भांड्याचें बूड यांत पांच-सहा इंच अंतर ठेवावें. तें फार कमी असेल तर ज्वाला थंड भांड्याला आपटून अर्धवट जळते व काजळी धरते. फार अधिक असेल तर आंच लागत नाहीं. पहिल्या भोंकापासून वैलाकडे जाणारा बोगदा किंचित् चढता असावा आणि त्याची रुंदी धुराड्याच्या नळाहून लहान नसावी. वैलाच्या तळाशीं मातीचा एक उंचवटा ठेवला तर आंच दुसऱ्या भांड्याच्या बुडाला घांसून पुढें जाते आणि त्या भांड्यांतला भातहि वेळेवर शिजतो.

धुराड्याचा नळ सुमारे चार इंच व्यासाचा घ्यावा. तो भाजलेल्या मातीचा, सिमेंटचा किंवा जस्त चढविलेल्या पत्र्याचा चालतो. पूर्वीं यासाठीं ॲस्बेस्टॉसचे नळ सर्रास वापरीत. परंतु त्याचे तंतू स्वतःच फुप्फुसांना घातक असल्यामुळें ते आतां टाळावेत. नळ होईल तितका सरळ उभा न्यावा, आणि वळण द्यावेंच लागलें तर तें तिरपें असावें, आडवें नसावें. छपराच्या वर तो निदान दोन ते तीन फूट निघाला पाहिजे, आणि शेजारचा मजला किंवा झाड त्याच्यावर झुकलेलें असूं नये. नाहीं तर वारा भिंतीला आपटून खालीं उतरतो आणि धूर मागें लोटतो. घाटमाथ्यावर वाऱ्याचा जोर असतो, तेथें नळावर टोपी अवश्य बसवावी. तिच्यामुळें पाऊस व पांखरेंहि बाहेर राहतात. छपरांत लांकडी वासे, गवत किंवा प्लॅस्टिकचें आच्छादन असेल तर पत्र्याच्या नळापासून तें निदान दीड फूट दूर असलें पाहिजे. तेवढी जागा नसेल तर नळ विटांच्या भिंतींतून तिरपा बाहेर काढावा. शेवटीं एक गोष्ट विसरूं नये : नळाच्या तळाशीं, चुलीच्या मागें, काजळी काढण्यासाठीं एक खिडकी ठेवावी आणि ती मातीच्या थापीनें किंवा विटेनें बंद करावी. ज्या धुराड्याला अशी खिडकी नाहीं तें कोणी झाडीत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

चूल बांधून झाली कीं पहिले पंधरा दिवस तिला वाळूं द्यावें. पडणाऱ्या बारीक भेगा रोज ओल्या हातानें बुजवाव्यात. त्यानंतर दोन-तीन दिवस लहानसा विस्तव करून तिला सोसेल इतकेंच तापवावें. मग दोन्हीं भोंकांवर भांडीं ठेवून चुलीच्या तोंडाशीं पेटती उदबत्ती धरावी. तिचा धूर आंत ओढला गेला तर काम बरोबर झालें आहे. तो जागच्या जागीं घोटाळला किंवा बाहेर आला तर कोठें तरी फट किंवा अडथळा आहे असें समजावें, आणि तो दूर केल्यावांचून कारागिराला निरोप देऊं नये.

चूल कितीहि चांगली असली तरी ओल्या सरपणापुढें तिचें कांहीं चालत नाहीं. नुकत्याच तोडलेल्या लांकडाच्या वजनांत जवळजवळ निम्में पाणीच असूं शकतें. एक उन्हाळा वाळलेल्या लांकडांत तें पंधरा ते वीस टक्क्यांवर येतें. हें पाणी आटविण्यांत आंच खर्ची पडते, ज्वाला थंड होते आणि धूर वाढतो. म्हणून पावसाळ्याचें सरपण होळीपासूनच भरून छपराखालीं रचावें. आपल्याकडे पऱ्हाटी आणि तुराट्या मुबलक. त्या लवकर पेटतात व लवकर संपतात. त्यांची लांबच लांब मोळी चुलींत खुपसून पायानें पुढें सरकवीत राहण्याची संवय पुष्कळ ठिकाणीं असते. त्यामुळें चुलीचें तोंड मोठें ठेवावें लागतें, थंड हवा भरमसाट आंत जाते आणि धुराड्याची ओढ मरते. पऱ्हाटी हातभर लांबीची तोडून घ्यावी आणि एका वेळीं थोडी थोडी घालावी. पऱ्हाटीचे ढीग शेताच्या बांधावर वर्षभर पडूं देऊं नयेत; त्यांत राहिलेल्या किडक्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढील हंगामांत पुनः कापसावर येते. आणखी एक विनंती : चूल पेटविण्यासाठीं प्लॅस्टिकच्या पिशव्या, ज्यांना आपल्याकडे पन्नी म्हणतात त्या, कधींहि वापरूं नयेत. त्यांचा धूर लांकडाच्या धुरापेक्षां अधिक विषारी असतो. सुक्या तुराटीच्या चार काड्या आणि गोवरीचा एक तुकडा एवढ्यावर चूल सहज पेटते.

भाकरीचा प्रश्न येथेंच सांगून टाकतों, कारण कित्येक निर्धूर चुली भाकरीपायींच फोडल्या गेल्या आहेत. तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशीं निखाऱ्यांपुढें उभी करून फुगविण्याची आपली रीत आहे. नव्या चुलीचें तोंड लहान, त्यामुळें भाकरी उभी राहत नाहीं. मग गृहिणी विळ्यानें तोंड मोठें करते आणि सर्व रचना बिघडते. यांत तिचा दोष नाहीं. तिला न विचारतां चूल बांधणाराचा दोष आहे. बांधतांनाच चुलीच्या तोंडासमोर वीतभर रुंदीचा सपाट ओटा करावा. निखारे त्यावर ओढून घेतले कीं भाकरी पूर्वींसारखीच शेकतां येते. चूल कशी हवी हें ठरवितांना चुलीपुढें जी बसणार तिचें मत पहिल्यानें घ्यावें.

आतां निगा. रोज सकाळीं चूल पेटविण्यापूर्वीं जाळीखालची राख काढावी. राखेंत दडलेला निखारा रात्रभर जिवंत राहूं शकतो; म्हणून ती लोखंडी घमेल्यांत काढून झांकून ठेवावी, प्लॅस्टिकच्या बादलींत किंवा सरपणाजवळ टाकूं नये. वैलावर भांडें ठेवावयाचें नसेल तेव्हां त्यावर पाण्याचें पातेलें ठेवावें. तें भोंक उघडें राहिलें तर धूर तेथूनच बाहेर येतो. आठवड्यांतून एकदां बोगद्यांत साठलेली राख पळीनें ओढून काढावी आणि चूल सारवतांना भेगा बुजवाव्यात. महिन्यांतून एकदां धुराडें झाडावें. त्यासाठीं विशेष हत्यार नको : लांब दोरीच्या मध्यावर जुन्या गोणपाटाचा नळांत जेमतेम बसेल असा बोळा बांधावा, टोंकाला लहान धोंडा बांधून दोरी वरून खालीं सोडावी, आणि दोन्हीं टोंकांनीं बोळा दोन-चार वेळां वरखालीं ओढावा. चूल पूर्ण थंड असतां हें करावें, नाकातोंडाला फडकें बांधावें, आणि पडलेली काजळी तळच्या खिडकींतून काढून घ्यावी. काजळीकडे दुर्लक्ष केलें तर केवळ ओढ मंदावते असें नव्हे. जाड थर कधीं कधीं धुराड्यांतच पेट घेतो आणि छपराला आग लागते. मृगापूर्वीं एकदां नळाची टोपी, छपरांतील फट आणि नळाचे सांधे तपासावेत. दिवाळीच्या साफसफाईंत हेंच पुनः करावें.

इतकें करूनहि धूर कोंडला तर कारण क्रमानें शोधावें. फक्त पेटवितांना धूर येत असेल तर धुराडें थंड आहे. तळच्या खिडकींत मूठभर सुकें गवत पेटवून तें तापवावें. सर्व वेळ येत असेल तर काजळी, बोगदा आणि भांड्याचें बूड हीं तीन ठिकाणें पाहावीं. विशिष्ट वारा सुटला म्हणजेच येत असेल तर नळाची उंची वाढवावी. उलट लांकूड भराभर जळून जात असेल तर ओढ फाजील आहे. नळांत पत्र्याची झडप बसवून ती थोडी लावून घ्यावी. मात्र विस्तव असेपर्यंत ती पूर्ण बंद करूं नये.

बाजारांत धुराड्याशिवायच्या लोखंडी सुधारित चुलीहि मिळतात. त्या घ्यावयाच्या असल्यास भारतीय मानक ब्युरोचें आय. एस. १३१५२ हें चिन्हांकन आहे कीं नाहीं, तें पाहावें. या मानकाच्या २०१३ मधील सुधारणेप्रमाणें साध्या चुलीनें इंधनांतील निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीनें निदान ३५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोंचविली पाहिजे. उघड्या चुलींत हें प्रमाण बहुधा दहा-पंधरा टक्क्यांवर राहतें. परंतु धुराडें नसल्यामुळें अशी चूल अंगणांतच वापरावी. आणि येथें एक गंभीर सूचना देतों. घाटावरच्या थंडींत बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून झोंपणें किंवा बंद न्हाणींत बंब पेटविणें, हें जिवावरचें काम आहे. धूर दिसत नाहीं म्हणून धोका नाहीं असें समजूं नये. धुमसत्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कर्बमोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं; माणूस झोंपेंतच बेशुद्ध होतो आणि पुनः उठत नाहीं. बंब नेहमीं न्हाणीबाहेर, उघड्यावर पेटवावा.

शेवटीं एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. उत्तम धुराड्याची चूलहि धूर नाहींसा करीत नाहीं. ती तो घराबाहेर नेते, आणि त्यांतला कांहीं भाग शेजाऱ्याच्या किंवा आपल्याच खिडकींतून परत येतो. ज्यांना रोजचा स्वयंपाक गॅसवर, विजेवर किंवा गोबर गॅसवर करणें परवडतें त्यांनीं तो तसाच करावा, आणि लहान मुलें, गरोदर स्त्रिया व दमेकरी यांना चुलीपासून दूर ठेवावें. परंतु सिलिंडरचे पैसे ज्यांना दरमहा जुळत नाहींत, त्यांच्या घरीं चूल आज आहे आणि आणखी कांहीं वर्षें राहणार. तोंवर तिचें धुराडें मोकळें असणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.

माझी आत्या आजारानंतर सहा वर्षें जगली. शेवटचीं दोन वर्षें तिला उशीला टेकून बसल्या बसल्याच झोंपावें लागे. धुराडें मोकळें केल्यावर ती एकदां म्हणाली, “एवढंच होतं तर आधी कोणी सांगितलं का नाही ?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. श्रोतेहो, आपल्या ओळखींत जेथें जेथें धुराड्याची चूल आहे तेथें येत्या रविवारीं जावें, चूल थंड असतां नळांत दोरी सोडून पाहावी, आणि दोरी अडली तर तेथेंच थांबून काम पुरें करूनच परतावें, एवढीच माझी विनंती आहे.